पहिली सेंटरफायर रिव्हॉल्व्हर कोणती घ्यावी? मदत हवी आहे

मंडळी, वर्षभर रेंजवर .२२ रिमफायर (काडतुसाच्या बुडाच्या कडेवर आघात होऊन उडणारी) चालवतोय, आता पहिली सेंटरफायर (बुडाच्या मध्यावर आघात होणारी) रिव्हॉल्व्हर घ्यायची आहे. वापर फक्त कागदी टार्गेटवर. .३५७ मॅग्नम काडतुसाच्या रिव्हॉल्व्हरमध्ये कमी दमाची .३८ स्पेशलची काडतुसंही चालतात, उलटं मात्र नाही, म्हणून मन तिकडेच झुकतंय. रुगर जीपी-१०० घ्यावी की स्मिथ अँड वेसन ६८६? दोन्ही स्टीलच्या, चार इंची नळीच्याच बघतोय. परवा एकाची हलकी, दोन इंची नळीची चालवून पाहिली. पाचच गोळ्या, पण अंगठ्याच्या बेचक्यात अशी झणझण उठली की नंतर चाप ओढायच्या आधीच डोळे मिटायला लागले! ही खोड लागायला नको. डबल अ‍ॅक्शनचा जड चाप (जो ओढताना घोडाही मागे जातो) पहिल्यापासूनच घोटावा, की आधी घोडा अंगठ्याने मागे ओढून सिंगल अ‍ॅक्शन? पंजा लहान आहे, तेव्हा ग्रिपचंही सांगा.