भाऊ-वहिनी ऊसतोडीला निघालेत. रेशन कुठं उचलायचं, आणि पोरीच्या शाळेचं काय?

बिंदुसरेकाठचा

राम राम मंडळी. गाव बीड जिल्ह्यात, मी सध्या चाकणला कंपनीत. दादा आणि वहिनी कोयत्यावर, म्हणजे ऊस तोडायला जातात. उचल (आगाऊ पैसे) घेऊन झालीय, दिवाळी झाली की गाडी कोल्हापूरकडच्या शिरोळला निघणार, ती पट्टा पडेपर्यंत, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपेपर्यंत. मार्च धरा, ऊस जास्त असला तर एप्रिल.

कार्डावर सहा नावं: आई, दादा, वहिनी, त्यांची दोन पोरं आणि मी. बारक्या दीड वर्षाचा आहे, त्याचं नाव अजून चढलेलं नाही. कार्ड प्राधान्यचं, म्हणजे माणशी 5 प्रमाणे 30 किलो. दरवर्षी होतं असं की धान्य गावात, खाणारी तोंडं तिकडं उसाच्या फडावर. दादा तिकडं किराणा दुकानातून तांदूळ विकत घेतो आणि ते पैसे मुकादमाच्या (टोळी नेणाऱ्याच्या) वहीत चढतात. फुकटचं धान्य असून अंगावर कर्ज, हे मला पटत नाही. एकाच कार्डावर ‘कुठंही उचला’ म्हणतात ते खरंच होतं का? तिकडं थोडं उचललं तर इकडं आईचं बंद पडेल का?

दुसरं म्हणजे थोरली पुतणी सहावीत आहे. दादा म्हणतो सोबत नेऊ, तिकडं साखरशाळा (कारखान्यावरची तोडणीवाल्यांच्या पोरांची शाळा) असतेच. मला धाकधूक वाटते.

मापाडी

आमच्या घरात रेशन दुकान आहे, म्हणून सांगतो. होतं. कार्डाचा 12 अंकी नंबर किंवा आधार टाकला की मशीनवर तुमचं कार्ड उघडतं, मग ते शिरोळचं दुकान असो नाहीतर कर्नाटकातलं. फक्त कर्नाटकात गेलात तर केंद्राचं तेवढं मिळेल, त्या राज्याचं जादाचं नाही.

सगळं एकदम उचलायची सक्ती नाही. दादानं तिकडं 10 किलो घेतलं तर उरलेलं 20 आईला गावात मिळतं. पण एक घोळ नेहमी होतो. घरातल्या कुणाही एकाच्या अंगठ्यावर पूर्ण कार्डाचं धान्य निघतं. म्हातारी पहिल्या आठवड्यात जाऊन 30 च्या 30 घेऊन आली की दादाला तिकडं मशीन शून्य दाखवणार, आणि तुम्ही त्या दुकानदाराला शिव्या घालणार. आईला आत्ताच सांगून ठेवा, 20 च घ्यायचं.

दुकानदार ‘तुमचा कोटा इकडं नाही’ म्हणेल. अर्धं खरं असतं ते. आमचा माल आमच्या कार्डांच्या हिशोबानं येतो, हंगामात दोन-तीन टोळ्या उतरल्या की महिनाअखेरीला पोती संपतात. म्हणून महिन्याच्या सुरुवातीला जा, शेवटाला नको. तरी नाहीच म्हणाला तर 14445 या हेल्पलाइनला फोन लावा.

आणि ई-केवायसी, म्हणजे अंगठा लावून आधारची पडताळणी, झाली का सगळ्यांची? ज्याची राहिली त्याचं 5 किलो थांबतं. तोडणीवाल्यांचे अंगठे लवकर उमटत नाहीत. हंगामाआधी करून घ्या, तिथून आल्यावर तर बोटं अजून घासलेली असतात.

खडूफळा

जि.प. शाळेवर आहे, त्यामुळे दुसऱ्या प्रश्नावर बोलतो. नेलंच तर तिथल्या शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. दाखला उशिरा आला म्हणून अडवायचं नाही, हे 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यातच आहे. आमच्याकडून शिक्षण हमी कार्ड न्या, त्यावर ती कोणत्या वर्गात, काय शिकलीय ते असतं. पण खरं सांगू? कार्ड नेलेली पोरं मी पाहिलीत, कार्ड तसंच कोरं परत आलेलंही पाहिलंय. फडापासून शाळा दोन-तीन किलोमीटर आणि आईबाप पहाटे चारला गेलेले. उठवणार कोण, वेणी घालणार कोण?

गावात राहिली तर दुपारचा पोषण आहार शाळेतच. सहावीच्या पोराला 150 ग्रॅम तांदूळ आणि वर डाळ-भाजी, असं माप आहे. सकाळ-संध्याकाळच्या जेवणासाठी हंगामी वसतिगृह, आईबाप तोडीला गेलेल्या पोरांसाठी. नावावर जाऊ नका, आमच्याकडं बहुतेक पोरं जेवून आजीकडंच झोपतात. यादी शाळा व्यवस्थापन समितीतून वर जाते आणि मंजुरीला हमखास उशीर होतो; एका वर्षी आमची चूल पेटली तेव्हा कारखाने चालू होऊन महिना लोटला होता. तो महिना आजीनंच काढला. तेव्हा मुख्याध्यापकांना आजच भेटा, दिवाळीच्या सुट्टीनंतर नको.

कोपीवरची

सगळे बरोबर बोलताय, पण मुद्द्यावर कोणी येत नाही. दादा पोरीला का नेतोय? साखरशाळेसाठी? बारक्याला सांभाळायला नेतोय.

मी अशीच गेले होते. चौथीपर्यंत मला हजेरीचा रोज एक रुपया मिळायचा, सरकारचा, मुलींनी शाळेत यावं म्हणून. पाचवीला भाऊ झाला आणि माझा भाव एका रुपयापेक्षा जास्त झाला. तीन हंगाम कोपीत (तोडणीवाल्यांच्या झोपडीत) भाकरी थापल्या, त्याला कडेवर घेऊन हापशाचं पाणी आणलं. माझं शिक्षण कुणी मुद्दाम बंद केलं नाही हो, दर दिवाळीला थोडं थोडं सुटत गेलं. चौदाव्या वर्षी लग्नाची बोलणी सुरू झाली, कारण कोपीला दार नसतं आणि आईला रात्री झोप लागत नव्हती. मामानं मध्ये पडून वाचवलं.

वहिनीशी बोला, दादाशी नाही. बारक्याचं काय करणार हे तिला विचारा.

बिंदुसरेकाठचा

उशिरा लिहितोय, गावी जाऊन आलो.

ताई, तुमचं वाचून दोन दिवस काही सुचलं नाही. वहिनीला विचारलं तर ती म्हणाली, मला कुठं न्यायचीय तिला, पण हा अंगावर पितोय, आत्याकडं कसा ठेवू. आत्या म्हणजे आमची आई. मग बराच वेळ बसलो. त्यांच्या टोळीतल्या एकाची म्हातारी आई कोपीवरच थांबते. तिच्याकडं बारक्याला ठेवायचं, आणि शिरोळला उचललेल्या 10 किलोतले 4 किलो महिन्याला तिला द्यायचे, असं ठरलंय. म्हातारीचं कार्ड वेगळं होतं, ते कधीच ऑनलाइन चढलं नाही म्हणे.

पुतणीचं नाव वसतिगृहाच्या यादीत गेलं, धाकट्याचंही. आईला 20 किलोचं समजावलं, तरी ती विचारते ‘उरलेलं कुणी खाल्लं?’

केवायसीला दादाच्या उजव्या हाताचं एकही बोट मशीननं घेतलं नाही. डाव्या करंगळीवर काम झालं. वहिनीचं अजून राहिलंय. मापाडीभाऊ, ते तिकडं शिरोळच्या दुकानात करता येईल ना?

मापाडी

येईल. कुठल्याही दुकानात होतं, पैसे लागत नाहीत. जाण्याआधी आठवडाभर तिला रात्री हाताला तेल लावायला सांगा, आमच्या गिऱ्हाइकांना त्याचा फरक पडलाय.