ईपीएस-95 (कर्मचारी पेन्शन योजना, 1995): पेन्शन 55 ला सुरू करावी की 58 पर्यंत थांबावं?

नीलाक्षी
मिस्टरांच्या पेन्शनबद्दल विचारायचं आहे. खाजगी नोकरी, जन्म ऑगस्ट 1971. पहिली नोकरी 2001 ते 2004, ती सोडल्यावर पीएफ आणि पेन्शनचे पैसे दोन्ही काढून घेतले होते. दुसरी कंपनी सप्टेंबर 2004 ते मे 2012, तिसरी जून 2012 पासून आजपर्यंत. यूएएन (पीएफचा कायमचा क्रमांक) एकच आहे. सध्याचा बेसिक 45,000. कंपनी स्वेच्छानिवृत्ती देऊ करते आहे, म्हणजे ऑगस्ट 2026 ला 55 पूर्ण होताना बाहेर पडता येईल. ऑफिसात कोणी सांगतं 55 लाच पेन्शन सुरू करा, कोणी म्हणतं 60 पर्यंत लांबवा. साधारण किती पेन्शन बसेल? माझ्या वाट्याला नंतर काय येईल? आणि पासबुकात दुसऱ्या कंपनीचा पीएफ ट्रान्सफर झालेला दिसतो, पण पेन्शनच्या रकान्यात शून्य आहे. ते पैसे गेले का?

खतावणी
शून्याचं आधी सांगतो, कारण त्यानेच सगळे घाबरतात. पैसे कुठे गेले नाहीत. ईपीएसची पेन्शन जमा रकमेवर ठरतच नाही. ती ठरते नोकरीची वर्षं आणि पगार यांवर. त्यामुळे ट्रान्सफर होताना पीएफची रक्कम पुढे येते आणि पेन्शनच्या बाबतीत फक्त सेवाकाळ पुढे येतो. तुम्हाला पाहायचंय ते पासबुक नव्हे, पीएफच्या पोर्टलवरची सर्व्हिस हिस्टरी. तिथे सप्टेंबर 2004 पासूनची नोकरी दिसते का, एवढं बघा. दिसत नसेल तर ट्रान्सफरच्या वेळचं अ‍ॅनेक्शर-के मागवा, त्यात जुना सेवाकाळ आणि बिनपगारी दिवस लिहिलेले असतात.

2001 ते 2004 मात्र गेली. दहा वर्षांच्या आत नोकरी सोडून फॉर्म 10-सी ने पैसे काढले की ती वर्षं पेन्शनसाठी पुसली जातात, पैसे परत भरून ती मिळत नाहीत. त्या वेळी पैशांऐवजी स्कीम सर्टिफिकेट (सेवाकाळ पुढे नेणारा दाखला) घेतलं असतं तर ती जोडली गेली असती. (नोकरी बदलणाऱ्या पोराबाळांना हे जरूर सांगा. पाच-दहा हजारांसाठी सर्रास 10-सी भरतात.)

आता आकडा. सूत्र असं: पेन्शनपात्र पगार गुणिले सेवेची वर्षं भागिले 70. पगार म्हणजे शेवटच्या 60 महिन्यांची सरासरी, पण कमाल 15,000. बेसिक 45,000 असो की दीड लाख, या हिशोबाला तो 15,000 च. कंपनीच्या 12 टक्क्यांतले 8.33 टक्के पेन्शनला जातात तेही 15,000 वरच, म्हणजे महिन्याला 1,250. उरलेलं सगळं पीएफमध्ये पडतं.

त्यातही एक मेख आहे. 15,000 ची मर्यादा 1 सप्टेंबर 2014 पासूनची. त्याआधी ती 6,500 होती, आणि त्याआधीच्या वर्षांचा हिशोब आजही 6,500 नेच होतो. बहुतेकांचा अंदाज इथेच चुकतो, सगळी वर्षं 15,000 ने गुणून मोकळे होतात.

मिस्टरांचं गणित:
सप्टेंबर 2004 ते ऑगस्ट 2014, 10 वर्षं: 6,500 × 10 ÷ 70 = 929
सप्टेंबर 2014 ते ऑगस्ट 2026, 12 वर्षं: 15,000 × 12 ÷ 70 = 2,571
55 ला नोकरी सोडली तर एकूण 3,500.
58 पर्यंत नोकरी केली तर दुसरा तुकडा 15 वर्षांचा, म्हणजे 3,214, आणि एकूण 4,143. शिवाय 20 वर्षं सेवा करून 58 ला निवृत्त होणाऱ्याच्या सेवेत दोन वर्षांची भर पडते. ती धरून 4,300 ते 4,570 च्या मध्ये कुठेतरी. आधी बाहेर पडणार असाल तर ती भर हिशोबात धरू नका.

बिनपगारी रजा, लॉकआउट असे दिवस यातून वजा होतात. शेवटी उरलेले महिने सहा किंवा जास्त असले तर ते एक वर्ष धरतात, कमी असले तर सोडून देतात.

वाटाड्या
खतावणींचं गणित बरोबर. पुढचा प्रश्न कधी सुरू करायची.

50 नंतर, नोकरीत नसाल आणि 10 वर्षं सेवा झाली असेल तर लवकर पेन्शन मिळते, पण 58 ला जितकी वर्षं कमी तितके दर वर्षाला 4 टक्के कापून. आणि ही कपात कायमची. 58 झाल्यावर पेन्शन आपोआप पूर्ण होते असा एक गोड गैरसमज आहे, तसं होत नाही.

55 ला सुरू केली तर 3,500 मधून 12 टक्के जाऊन 3,080. तीन वर्षांत हातात येतात 1,10,880. थांबले तर 58 पासून महिना 420 जास्त. हे 420 साठत साठत 1,10,880 व्हायला 264 महिने लागतात. म्हणजे 22 वर्षं, मिस्टरांची ऐंशी. आधी मिळालेल्या पैशावरचं व्याज धरलं तर त्याहूनही पुढे.

म्हणून "लवकर घेणं म्हणजे नुकसान" हे मला सरसकट पटत नाही. या पेन्शनला महागाई भत्ता नाही. आज ठरलेला आकडा वीस वर्षांनीही तोच. महागाई 6 टक्के धरली तर बारा वर्षांत त्याची किंमत निम्मी होते. न वाढणाऱ्या पेन्शनसाठी वाट पाहण्यात फारसा अर्थ नसतो.

पण दोन गोष्टी उलट बाजूला टाका. एक, नवऱ्याच्या मागे बायकोला मिळणारी पेन्शन ही त्याला मिळत असलेल्या पेन्शनच्या 50 टक्के असते. 3,080 चे 1,540 होतात, 3,500 चे 1,750. बायको वयाने बरीच लहान असेल तर कपात तिलाच जास्त वर्षं सोसावी लागते. दोन, दुसरी नोकरी धरायची असेल आणि तिथे पीएफ कापला जाणार असेल तर लवकर पेन्शनच्या भानगडीत पडू नका. सेवा वाढू द्या.

60 पर्यंत लांबवण्याचं सांगायचं तर दर वर्षाला 4 टक्के वाढ, दोन वर्षांची 8. त्यासाठी 24 हप्ते सोडायचे आणि ते भरून यायला 60 नंतर पंचवीस वर्षं. मी तरी कोणाला सांगणार नाही.

नीलाक्षी
धन्यवाद. खरं सांगायचं तर आकडे बघून धक्काच बसला. इतक्या वर्षांचे 3,500? मग घर कशावर चालवायचं? पीएफ साधारण 34 लाख आहे, ग्रॅच्युइटी वेगळी. जास्त पगारावर पेन्शन घेता येते असंही ऐकलं होतं.

खतावणी
जास्त पगारावरच्या पेन्शनसाठी कंपनीसोबत जो संयुक्त पर्याय द्यायचा होता, त्याची खिडकी जुलै 2023 मध्ये बंद झाली. तेव्हा अर्ज केला नसेल तर तो विषय सोडून द्या.

ग्रॅच्युइटी फक्त तिसऱ्या कंपनीची धरायची: शेवटचा बेसिक अधिक डीए (महागाई भत्ता) × 15 ÷ 26 × वर्षं. 2026 ला सोडलं तर 14 वर्षांचे साधारण 3,63,000. 2029 ला, पगार वाढला नाही असं धरूनही, 17 वर्षांचे 4,41,000. स्वेच्छानिवृत्तीची रक्कम तपासताना हा फरक, तीन वर्षांचा पगार आणि पीएफमधला कंपनीचा वाटा या तिन्हींची बेरीज समोर ठेवा. पेन्शनमधला फरक त्या मानाने किरकोळ आहे. निर्णय तिथे होणार नाही, रोकड्यात होणार.

जुना_लेखापाल
घरखर्चाबद्दल थोडं. ईपीएसला विजेच्या आणि गॅसच्या बिलापुरती धरा, बाकी घर पीएफच्या रकमेवरच चालायचं आहे.

वरिष्ठ नागरिक बचत योजना साठीला उघडते, पण 55 ते 60 मध्ये निवृत्त झालेल्यालाही उघडता येते, स्वेच्छानिवृत्ती चालते. अट अशी की निवृत्तीचे पैसे हातात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत उघडायची आणि त्याच पैशांतून. "बघू नंतर" म्हणत पैसे बचत खात्यात ठेवले आणि मुदत गेली तर साठीपर्यंत दार बंद. पैसे आल्याच्या तारखेचा कागद जपून ठेवा, पोस्टात किंवा बँकेत तो मागतात. कमाल मर्यादा 30 लाख. 8.2 टक्के दर धरला तर पूर्ण 30 लाखांवर तिमाहीला 61,500, म्हणजे महिन्याला 20,500. उघडताना जो दर असेल तो पाच वर्षं बदलत नाही. व्याज करपात्र आहे.

सगळे 30 लाख त्यात कोंबू नका मात्र. व्याज स्थिर, खर्च चढता. वर्षभराचा खर्च हाताशी, थोडी रक्कम महागाईला पुरून उरेल अशा ठिकाणी, आणि उरलेलं इथे. आणि पीएफ नोकरी सुटल्यावर तसाच पडू दिला तर त्यापुढचं व्याज करपात्र होतं, हेही बऱ्याच जणांना ठाऊक नसतं.

वाटाड्या
पेन्शन सुरू करण्याचा अर्ज म्हणजे फॉर्म 10-डी. पोर्टलवर ऑनलाइन भरता येतो. पेन्शन अडकते ती गणितात नाही, नोंदींत. म्हणून हे आताच, नोकरीत असताना तपासा:

आधार, पॅन आणि यूएएन यांत नाव व जन्मतारीख अक्षरशः एकच हवी. "दत्तात्रय" एकीकडे आणि "दत्तात्रेय" दुसरीकडे, एवढ्यावरून अर्ज परत येतात. दुरुस्ती जॉइंट डिक्लेरेशनने (सभासद आणि कंपनीच्या संयुक्त अर्जाने) होते आणि काही बदलांना कंपनीची मान्यता लागते. कंपनी चालू आहे तोवर ते सोपं. तुमचं नाव आणि जन्मतारीखही तपासा, कारण पुढे तुमची पेन्शन त्यावरून सुरू होणार.

दोन नोकऱ्यांच्या तारखा एकमेकांवर चढलेल्या नकोत. दुसरी कंपनी सोडल्याची तारीख 31 मे 2012 ऐवजी जूनमध्ये पडली असेल तर ओव्हरलॅप दिसतो आणि फाइल थांबते.

शेवटची कंपनी सोडल्याची तारीख कंपनीनेच भरायची असते. तिने टाळाटाळ केली तर शेवटची वर्गणी पडल्यानंतर दोन महिन्यांनी सभासदाला स्वतः पोर्टलवर मार्क एक्झिट करता येतं.

58 पर्यंत नोकरी केलीत तर त्या महिन्यानंतर पगारपत्रक बघा. 58 नंतर 8.33 टक्के पेन्शनला जाता कामा नयेत, पूर्ण 12 टक्के पीएफला. सॉफ्टवेअरमध्ये जन्मतारीख चुकीची असली की कंपन्या कापत राहतात आणि मग ती रक्कम वळती करून घेण्यात महिने जातात.

नीलाक्षी
सर्व्हिस हिस्टरी आत्ताच उघडून पाहिली. दुसऱ्या कंपनीची सोडल्याची तारीख 30 जून 2012 दाखवते आहे, आणि तिसरीची सुरुवात 1 जून.

वाटाड्या
हाच तो ओव्हरलॅप. दुसऱ्या कंपनीकडून 31 मे ची रिलीव्हिंग ऑर्डर किंवा शेवटची पगारपावती शोधा आणि जॉइंट डिक्लेरेशन टाका. जून 2012 ची वर्गणी तिकडे जमा झाली होती का तेही पासबुकात बघा. झाली नसेल तर नुसती तारीख चुकली आहे, लवकर सुटेल. झाली असेल तर कोणत्या कंपनीने कोणत्या महिन्याची भरली हे आधी दोघांकडून लेखी घ्या, मगच अर्ज करा. स्वेच्छानिवृत्तीच्या कागदांवर सही करायच्या आधी.