ब्रिजमध्ये मदत हवी आहे: ४ इस्पिक डबल, एक हात कमी पडतोय

कॉलेजरोडकर: लवकर सांगा, संध्याकाळी पार्टनरसमोर पानं मांडायचीत. करार ४ इस्पिक, म्हणजे इस्पिक हुकूम आणि तेरापैकी दहा हात करायचे; त्यावर डबल, म्हणजे समोरच्यांची पैज की होणार नाही.
डमी (पार्टनरची उघडी मांडलेली पानं): इस्पिक राजा-७-४, बदाम ९-६-३, चौकट राजा-राणी-५-२, किलवर एक्का-८-२.
मी: इस्पिक एक्का-राणी-१०-६-३, बदाम ८-५, चौकट एक्का-७-४, किलवर राजा-६-५.
बदाम तीनदा आलं, तिसरं मी तिरीने कापलं. पार्टनर म्हणतो एक डाउन (एक हात कमी) अटळ. मला पटत नाही.

गोदाकाठ: डबल दिला कोणी? डावीकडच्याने की उजवीकडच्याने?

कॉलेजरोडकर: काय फरक पडतो? डबल दिलाय म्हणजे समोरच्यांचे पाच हुकूम ४-१ असणार, चार डबलवाल्याकडे, हे उघड आहे.

गोदाकाठ: अहो, सगळा फरक तिथेच आहे!

पत्तेबाज६८: मी रिडबल (डबलवर उलटी पैज) ठोकला असता. समोरचा घाबरतो.

गोदाकाठ: घाबरून ते दुसऱ्या रंगात पळतात, काका. आणि बोली संपलीये, प्रश्न खेळायचा आहे.

देवळाली_लोकल: व्हल्नरेबल (बक्षीस-दंड दोन्ही जास्त असलेली बाजू) असाल तर करार झाल्यास ७९० गुण, नसाल तर ५९०. एक डाउनचा दंड २०० किंवा १००.

कॉलेजरोडकर: स्कोअर कुठे विचारला? डबल उजवीकडचा.

गोदाकाठ: मग करार होतो. दोन बदाम आणि एक किलवर जाणारच, म्हणून हुकमात एकही हात द्यायचा नाही. उजवीकडे गुलाम-९-८-५ धरा. छक्की लावून राजाने घ्या, लगेच डमीतून सत्ती. त्याने अठ्ठी टाकली तर तुमची दश्शी, गुलाम टाकला तर राणी. उरलेले हुकूम वरच्या पानांनी ओढा. हातातून एक्का-राणी वाजवलीत की गुलाम जगला.

पत्तेबाज६८: मी कायम एक्का आधी वाजवतो.

गोदाकाठ: तेही चालेल, पण पुढचा फेरा राजाचा आणि तिसरं पान डमीतूनच हवं. डबल डावीकडचा असता तर गुलाम द्यावाच लागला असता. मग आशा एकच, समोरच्यांची चौकट ३-३ फुटायची आणि चौथ्या चौकटीवर किलवर टाकायचं.

कॉलेजरोडकर: हेच हवं होतं! पार्टनरने एक्का-राणीच धरली होती.

देवळाली_लोकल: २०१८ च्या जकार्ता एशियाडमध्ये प्रणव बर्धन आणि शिबनाथ सरकार यांनी ब्रिजमध्ये सुवर्ण आणलं, तेव्हा बर्धन साठीचे होते. तरुण पोरं कधी बसणार या टेबलावर?

पत्तेबाज६८: बसतील, शिकवणारा हवा. सिडकोत आमच्याकडे गुरुवारी चौथा गडी कमी आहे. कोणी येतंय का?