मदत हवी आहे: ३० संगणकांना /२७ पुरेल का?

नमस्कार मंडळी. नोकरी सांभाळून अर्धवेळ आयटी शिकतोय, सबनेटिंगच्या (एका नेटवर्कचे लहान विभाग पाडण्याच्या) असाइनमेंटवर अडलोय. १९२.१६८.१०.०/२४ या २५६ पत्त्यांच्या नेटवर्कमधून (/ पुढचा आकडा जितका मोठा, तितके पत्ते कमी) ५०, ३० आणि १२ संगणकांचे विभाग पाडायचेत, शिवाय दोन राउटरमधली जोडणी. मोठ्यापासून सुरुवात केली: ५० ला /२६, म्हणजे पत्त्याचा शेवटचा आकडा .० ते .६३. पुढे ३० ला /२७ दिलं तर ३२ पैकी दोन राखीव, वापरण्याजोगे पत्ते नेमके ३०च, गेटवेला (विभागाबाहेर नेणाऱ्या राउटरला) एकही उरत नाही! म्हणून /२६ घेतलं, .६४ ते .१२७. मग १२ ला /२८ आणि जोडणीला /३०. परीक्षकांना हे चालेल ना?

दुसरं, पॅकेट ट्रेसरमध्ये (नेटवर्कच्या सरावाचं सॉफ्टवेअर) विभागातल्या विभागात पिंग (जोडणी तपासणारा संदेश) जातो, पलीकडच्या राउटरमागे मात्र ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’. मास्क (विभागाचा आकार सांगणारा आकडा), गेटवे तपासले. पलीकडच्या राउटरवर परतीचा स्टॅटिक रूट (हाताने नोंदवलेला मार्ग) नसल्याची शंका आहे. कुठल्या कमांडने खात्री करू? शनिवारी जमा करायचंय, कृपया सांगा.