फांदीपासून फुलझाड : पुण्यातले तुमचे अनुभव लिहा

जूनमध्ये दोन-चार पाऊस झाले की काड्या लावायचे दिवस. एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात पानं असलेली काडी मूळ धरायच्या आतच सुकते, आषाढ-श्रावणात दमट हवाच अर्धं काम करते. तुम्ही कोणतं झाड, कशात, कसं जगवलंत ते लिहा. नुसतं ‘सहज येतं’ नको. फांदी कुठून कापली, किती जाड होती, तेही हवं.

सुरुवात माझ्या गावठी लाल जास्वंदीपासून. मी पेन्सिलीएवढी जाड, नुकती तपकिरी व्हायला लागलेली फांदी घेते. कोवळा शेंडा कुजतो, जून लाकूड फार वेळ घेतं. वीतभर तुकडा, तीन-चार डोळे (जिथून पान-कोंब फुटतो त्या जागा), खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली. वरची दोनच पानं ठेवायची आणि तीही अर्धी कापायची. वाळू आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) निम्मं-निम्मं, खत अजिबात नाही. थोड्याच दिवसांत कोंब फुटतो आणि आपण हरखतो, पण ती पालवी काडीत साठलेल्या अन्नावर आलेली असते. खाली मूळ असेलच असं नाही. उपटून बघितलं की नुकती फुटलेली मुळं तुटतात. म्हणून मी तळाला भोक पाडलेल्या पारदर्शक प्लास्टिकच्या ग्लासात काड्या लावते. ग्लासाच्या कडेला पांढरी मुळं फिरताना दिसली की मगच कुंडी.

सिंहगड रोड
मोगऱ्याचा बहर संपल्यावर छाटणीतल्या काड्या लावतो. पाण्याची बाटली अर्धी कापून वरून झाकण घालायचं. सकाळी आतून दव धरलेलं असेल तर पाणी घालायचं नाही. दुपारी थोडा वेळ बूच काढून ठेवायचं, नाहीतर बुरशी येते. महिना-दीड महिना धीर धरा. जागा सावलीची, पण उजेड भरपूर हवा.

औंध
जून महिना सगळ्यांना लागू नाही हं. देवचाफ्याची फांदी पानं गळलेली असताना, फेब्रुवारी-मार्चमध्ये घ्यावी. कापल्यावर पांढरा चीक वाहतो. आठवडाभर सावलीत आडवी ठेवून काप पूर्ण वाळू द्यायचा, मगच लावायची. ओली लावली तर बुडापासून मऊ पडते. बोगनवेलही मी तेव्हाच लावते, बोटाएवढी जाड, बिनपानांची काडी. पाणी बेताचंच.

कोथरूड
कण्हेर नुसत्या पाण्यातही मुळं धरते. पण झाड सगळंच विषारी आहे, काप घेतल्यावर हात धुवा आणि ती बाटली मुलांच्या हाती लागू देऊ नका.

हडपसर
गुलाबाबद्दल आवर्जून सांगायचंय. नर्सरीतला गुलाब बहुतेक वेळा जंगली गुलाबाच्या खुंटावर (मुळांसकट खालच्या भागावर) हव्या त्या गुलाबाचा डोळा भरून केलेला असतो. जोडाच्या खालून जोमाने वर येणारा फुटवा त्या खुंटाचा असतो, काडी तिथली घेऊ नका. जोडाच्या वरची, फूल येऊन गेलेली फांदी घ्या. आमच्याकडे पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबरात छाटणी होते, तेव्हाच्या काड्या थंडीत छान लागतात. अशा काडीपासून वाढलेल्या झाडाला पुढे बुडातून फुटवा आला तरी तो त्याच गुलाबाचा असतो. सुरुवातीला वाढ हळू असते, पण मला तरी हीच झाडं जास्त आवडतात.

सहकारनगर
अनंताची काडी वेळ खाते, म्हणून मी गुटी बांधते, म्हणजे फांदी झाडावरच असताना तिला मुळं आणते. पावसाळ्यात फांदीची इंचभर साल गोल काढायची, भिजवून पिळलेलं मॉस (शेवाळ) भोवती लावायचं आणि प्लास्टिकने दोन्हीकडून घट्ट बांधायचं. मुळं धरेपर्यंत मूळ झाड तिला पाणी पुरवतं. प्लास्टिकमधून मुळं दिसली की गाठीच्या खालून कापायची.

आणि कुणाकडून जास्वंदीची फांदी आणताना पानांची मागची बाजू आणि बेचके बघून घ्या. कापसासारखा पांढरा पुंजका दिसला तर तो पिठ्या ढेकूण. ती फांदी घरात आणूच नका, बाकीच्या कुंड्यांनाही लागतो.