नेमणूकपत्रातील अटी कंपनीने मोडल्या, आणि बाँडचे पैसे मात्र माझ्याकडे मागते : सल्ला हवा आहे (कोल्हापूर)

नमस्कार.

शिरोली औद्योगिक वसाहतीतील एका फाउंड्रीत (धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात) मी दोन वर्षांहून थोडा अधिक काळ गुणवत्ता विभागात आहे. नोकरी अजून चालू आहे की गेली, हाच आता वादाचा पहिला मुद्दा झाला आहे. नेमणूकपत्रात कामाचे ठिकाण शिरोली आणि मासिक पगार ठरावीक, असे स्पष्ट लिहिले आहे. नोटीस दोन्ही बाजूंनी एक महिन्याची आहे, आणि तीन वर्षे पूर्ण होण्याआधी मी नोकरी सोडल्यास एक लाख रुपये भरपाई द्यावी लागेल, अशी अट, म्हणजे बाँड, आहे. या अटीची हमी म्हणून माझ्या डिप्लोमाचे मूळ प्रमाणपत्र कंपनीने ठेवून घेतले आहे.

दिवाळीनंतर पगाराची फोड बदलण्यात आली. एकूण आकडा कागदावर तोच राहिला, पण त्यातील जवळजवळ तिसरा हिस्सा इन्सेन्टिव्ह म्हणून दाखवला गेला, आणि महिन्याचे कास्टिंग रिजेक्शन (नाकारलेल्या ओतीव भागांचे प्रमाण) ठरावीक टक्क्यांच्या आत राहिले तरच तो मिळेल, असे सांगण्यात आले. ब्लोहोल (ओतीव भागात वायूमुळे राहणारे छिद्र) पडतो तो मोल्डिंगच्या किंवा ओतकामाच्या वेळी. माझे काम तो शोधून त्या हीटवर (एका वेळी वितळवलेल्या धातूच्या मालावर) लाल खूण करण्याचे. म्हणजे मी काम जितके चोख करीन तितका माझा पगार कमी होणार. मी ई-मेलने हरकत घेतली, तेव्हा उत्तर आले नाही. त्याऐवजी चाकणच्या युनिटला रुजू व्हा, असे तोंडी सांगण्यात आले. मी लेखी आदेश मागितला. पुढच्या आठवड्यात गेटवर माझे कार्ड चालेना, आणि एचआर विभागाने छापील राजीनामा पुढे केला, ज्यात ‘वैयक्तिक कारणास्तव’ एवढेच कारण होते. सही केल्यास प्रमाणपत्र परत मिळेल, न केल्यास गैरहजर धरून बाँडची रक्कम वसूल करू, असे ते म्हणतात. मी सही केलेली नाही.

भारतीय करार कायदा, 1872 मधील करारभंगाच्या भरपाईविषयीचे कलम 73 आणि 74 मी वाचले आहे. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका सरकारी बँकेचा तीन वर्षांचा, दोन लाख रुपयांचा बाँड वैध ठरवला, हेही वाचण्यात आले, त्यामुळे धास्ती वाटते. पण कंपनीनेच आधी करार मोडला असेल, तरी बाँड माझ्यावर बंधनकारक राहतो का? शिवाय माझे पद ‘असिस्टंट मॅनेजर’ असल्यामुळे कामगार कार्यालय तुमचे ऐकणार नाही, असे दोघातिघांनी सांगितले. मग दिवाणी न्यायालयाखेरीज मार्ग नाही का?

प्रतिसाद :

सही केली नाहीत हे उत्तम केलेत, आणि यापुढेही करू नका. कारण त्या कागदावर सही झाली की करार कंपनीने नव्हे, तुम्ही मोडला, असे चित्र उभे राहते. बँकेच्या त्या खटल्यात कर्मचारी स्वतः नोकरी सोडून गेला होता. तुम्हाला गेटवर अडवले आहे, त्यामुळे तो निकाल तुमच्यावर जसाच्या तसा लागू होत नाही. शिवाय कलम 74 प्रमाणे बाँडमध्ये लिहिलेला आकडा ही कमाल मर्यादा असते. न्यायालय वाजवी भरपाई तेवढी देते. प्रशिक्षणावर काही खर्च केला नसेल, तर कंपनीला एक लाखाचा हिशेब देणे सोपे जाणार नाही.

पदाच्या नावाची चिंता सोडा. कोण कामगार आणि कोण व्यवस्थापक, हे न्यायालय व्हिजिटिंग कार्डावरून नव्हे, तर प्रत्यक्ष कामावरून ठरवते. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही तांत्रिक काम करणारा कामगारच आहे, मग पगार कितीही असो. पगाराची मर्यादा, म्हणजे दरमहा 18,000 रुपये, पर्यवेक्षकी काम करणाऱ्याला लागते. तेव्हा सांगा : तुम्ही कोणाची रजा मंजूर करता का? कोणाला मेमो देता का? नसाल तर तुमची बाजू भक्कम आहे. हा मुद्दा मी ताणून धरतो, कारण कामगार ठरलात तर पुन्हा कामावर घेण्याची मागणी करता येते. दिवाणी न्यायालय सहसा केवळ नुकसानभरपाईवर थांबते. कामगाराच्या पगाराच्या अटी बदलताना 21 दिवसांची पूर्वसूचनाही लागते.

आजच कंपनीला ई-मेल आणि स्पीड पोस्टाने कळवा की, अमुक तारखेला मी कामावर आलो, मला आत घेतले नाही, मी आजही कामावर येण्यास तयार आहे, आणि माझे मूळ प्रमाणपत्र परत द्यावे. ‘गैरहजर’ या आरोपाला हेच उत्तर आहे. भविष्यनिर्वाह निधीच्या संकेतस्थळावर कंपनीने नोकरी सोडल्याची तारीख भरली आहे का, तेही पाहा. भरली असेल तर त्याची प्रत जपून ठेवा. नंतर सहायक कामगार आयुक्तांकडे लेखी अर्ज करा आणि पोच घ्या.

मूळ प्रश्नकर्ता :

आभारी आहे. माझ्या हाताखाली कोणीही नाही. हेल्परच्या रजेवरही फोरमनची सही असते. तपासणी अहवालांवर मात्र माझी सही आहे, आणि त्यांच्या प्रती कंपनीकडेच आहेत. त्या कशा मिळवाव्यात?

प्रतिसाद :

स्वतःहून उचलून आणू नका, नाहीतर चोरीचा आळ येईल आणि चोराच्या उलट्या बोंबा ऐकाव्या लागतील. अर्जात अहवालांचे वर्णन, महिने आणि हीट नंबर लिहा. प्रकरण सुनावणीला गेले की ते हजर करण्याचा आदेश मागता येतो. तोपर्यंत पगाराच्या स्लिपा, बँकेचे स्टेटमेंट आणि तुमचे हरकतीचे ई-मेल पुरेसे आहेत. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. औद्योगिक कामगाराला 1987 च्या कायद्याने मोफत मदत मिळते.