नव्या गिटारला (आणि केसला) येणारा वास नक्की कशाचा?

कापो_हरवला:
मंडळी, प्रश्न जरा येडपट वाटेल पण विचारतोच. नऊ वर्षं एक प्लायवूडची स्वस्तातली गिटार बडवली आणि मागच्या शनिवारी शेवटी मनासारखी घेतली, टॉप सॉलिड सिट्का स्प्रूसचा, बॅक आणि साइड इंडियन रोझवूड, सोबत हार्डकेस, म्हणजे गिटार ठेवायची कडक पेटी. घरी येऊन केसचे खटके उघडले आणि असा काही वास आला की वाजवायचं राहिलं बाजूला, मी पाच मिनिटं साउंडहोलला, म्हणजे तारांखालच्या गोल भोकाला, नाक लावून बसलो. लाकूड, थोडं व्हॅनिला आणि थोडं चपलांचं दुकान, असं काहीतरी मिक्स. बायको म्हणाली वाजवायला आणलीस का हुंगायला. पहिल्या गिटारला असला वास कधीच आला नव्हता, मग हा लाकडाचा, पॉलिशचा का केसमधल्या त्या मखमलीचा? टिकवायचा असेल तर केस बंदच ठेवू का? आणि बेडरूममध्ये ठेवलीये, पहिल्या रात्री डोकं जरा जड झालं होतं, त्याचा काही संबंध? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

एफ_बार_नकोच:
हुश्श, म्हणजे मी एकटा नाहीये. दुकानात गेलो की मी ट्यून करायच्या आधी वास घेतो, दुकानदार बघतच बसतो. उत्तर माहीत नाही, वाचतोय.

रंधा:
आमच्या घरी तीन पिढ्या सुतारकाम, म्हणून बोलतो. लाकडाचा वास तुला साउंडहोलमधूनच का आला, तर गिटारला पॉलिश बाहेरून मारतात, आतली बाजू सहसा कोरीच ठेवतात. आत हात घालून बघ, खरखरीत लागेल. म्हणजे नाकाला लागतं ते उघडं लाकूड. स्प्रूस हे पाइन-देवदाराच्या भाऊबंदांतलं, त्यात राळ असते, त्यामुळे किंचित टर्पेंटाइनकडे झुकणारा वास. आणि रोझवूड म्हणजे दुसरंतिसरं काही नाही रे, आपली शिसव! आजीचा शिसवी झोपाळा असतो ना, तेच झाड. नावातलं रोझ रंगावरून नाही, वासावरून आलंय, ताजी शिसव रंध्याखाली आली की अख्खं दुकान गोडसर वासाने भरतं, नंतर शर्ट धुतला तरी जात नाही. तुझ्या जुन्या गिटारला वास नव्हता कारण प्लाय म्हणजे पातळ पापुद्रे आणि मधे गोंद, लाकूड असं उरतंच किती.

जाता जाता एक, मार्टिनवाले (अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियाची गिटार कंपनी) आधी ब्राझीलचं रोझवूड वापरायचे, ब्राझीलने ओंडके बाहेर पाठवणं बंद केलं तेव्हा 1969 पासून ते आपल्या दक्षिणेकडच्या शिसवीवर आले. म्हणजे पेनसिल्व्हेनियात बनलेल्या गिटारीत नाक घातलं तरी वास इकडच्याच जंगलाचा.

फ्रेटवाला:
रंधाभाऊ बरोबर आहेत पण व्हॅनिला राहिलं. मी रिपेअरिंग करतो, रोज दोन-तीन केस उघडतो. ते व्हॅनिला बहुतेक नायट्रोसेल्युलोज लॅकर नावाच्या पॉलिशचं. कागदपत्रात फिनिश काय लिहिलंय बघ. नायट्रो हळूहळू सुकत राहतं, महिनोनमहिने वास सोडतं, पॉली (पॉलियुरेथेनसारखं प्लास्टिकचं पॉलिश) असेल तर ते कारखान्यातच कडक होऊन येतं, वास जवळपास नाही. नायट्रो असेल तर रबराच्या स्टँडवर अजिबात ठेवू नकोस, रबर लागतं तिथे पॉलिश चिकट होऊन डाग पडतो, मग माझ्याकडे येशील आणि मी पण काही करू शकणार नाही.

चपलांचं दुकान मात्र गिटारचं नाही, ते केसचं. बाहेरून रेक्झिन, आत फोम, त्यावर मखमल आणि हे सगळं धरून ठेवणारा गोंद. चपला पण त्याच जातीच्या गोंदाने चिकटवतात, नाक फसवत नाही. डोकं जड झालं ते यानेच असेल, बंद खोलीत झोपायचं कशाला. एक कर, गिटार बाहेर काढ, केस सताड उघडी करून दोन-तीन दिवस सावलीत हवेला ठेव, मग दोन्हींचा वेगवेगळा वास घे. लोक केसच्या गोंदाला नव्या गिटारचा वास समजून त्याच्या प्रेमात पडतात.

मिरजकर:
केसचं माहीत नाही, आमच्याकडे तंबोऱ्याला गवसणी असते. पण नवा तंबोरा घरी आला की तो पण असाच घमघमतो, तुनाचं लाकूड, वाळलेला भोपळा आणि वरून स्पिरिटमधला चपडा (लाखेचं पॉलिश). स्पिरिट चार दिवसांत उडतं, तून राहतं. आणि गंमत बघा, क्लासिकल गिटारच्या मानेला जे स्पॅनिश सीडर वापरतात, ज्याच्या सिगारच्या पेट्या पण करतात, ते आणि आपलं तून एकाच कुळातले, एके काळी वनस्पतीवाले तुनाला त्याच गटात धरायचे. मी एकदा एका मित्राच्या क्लासिकल गिटारमध्ये डोकावलो तर थेट आमच्या मिरजेच्या सतारमेकर गल्लीत उभा असल्यासारखं वाटलं. (हो, 2024 ला मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, मिरवून घेतो.)

कापो_हरवला:
सगळ्यांना धन्यवाद. कागदावर ग्लॉस नायट्रो लिहिलंय. रबरी स्टँड कालच मागवला होता, कॅन्सल केला. केस बाल्कनीत ठेवलीये, कळवतो.

फ्रेटवाला:
बाल्कनीत ऊन नको हां. आणि पावसाळ्यात केस बंदच ठेव पण आत हवेतला दमटपणा मोजणारं हायग्रोमीटर टाक, 45 ते 55 टक्के असेल तर मस्त. आपल्याकडे जुलैत बाहेर 80 च्या वर जातं, मग मखमलीला बुरशी येते आणि तो कुबट वास एकदा बसला की तुझं व्हॅनिला आणि रंधाभाऊंची शिसव दोन्ही गेलं. सिलिका जेलच्या पुड्या गरम करून परत वापरता येतात.

कापो_हरवला:
तीन दिवसांनी रिपोर्ट. गिटारला अजून छान वास आहे, चपला गेल्या, गोड आणि लाकडी तेवढं राहिलं, खरं सांगायचं तर आधीपेक्षा कमी पण जास्त आवडला. केसचा गोंद पण बराच उतरला होता. होता म्हणतोय कारण आज सकाळी आईने बघितलं, मखमल आहे, कसर लागेल म्हणून पिक (तारा छेडायची चकती) ठेवायच्या कप्प्यात चार डांबराच्या गोळ्या टाकल्यात. आता केस उघडली की आजोबांचं कोटाचं कपाट.

रंधा:
काढ!! आत्ताच्या आत्ता. तो वास मखमलीत मुरला की वर्षभर निघत नाही.

फ्रेटवाला:
गिटार आत नव्हती ना ठेवलेली?

कापो_हरवला:
नाही नाही, गोळ्या काढल्या, केस परत बाल्कनीत. गिटार पलंगावर आहे. मी हॉलमध्ये झोपतोय.